पाण्यावरचा तुकडा

‘आधी टेबल पूस गं. एकीचा धागा दुसरीच्या कापडात जायला नको.’

आईचा आवाज मला आठवतो तो असा, पाठमोरा. ती शिवणयंत्रावर वाकलेली, तोंडात दोन टाचण्या, त्यामुळे शब्द ओठांच्या एका कोपऱ्यातून यायचे, आणि मी तिच्या मागे फरशीवर बसून चिंध्या रंगवार वेगळ्या करायची. एका बाईचं कापड कापून झालं की दुसरीचं पसरण्याआधी ओलसर फडक्यानं टेबल पुसायचं, हा तिचा नियम. पांढऱ्या कापडाला लाल धाग्याचा एवढासा तुकडा चिकटून आला आणि शिवणीत गेला, की पहिल्याच धुण्यात रंग सुटतो, आणि मग गिऱ्हाईक धाग्याला नाही, शिवणारीला बोल लावतं. शिवता शिवता ती ओळी जुळवायची. ‘सुई पुढं जाई, धागा मागं राही, दोघींनाही नाही, विसावा गं.’ पायाखालच्या पायट्याच्या तालावरच त्या यायच्या. यंत्र थांबलं की ओळही अर्ध्यावर थांबायची, आणि ती अर्धी ओळ मला दिवसभर कुठंतरी टोचत राहायची. ताई तेव्हा कॉलेजात होती. ती म्हणायची, ‘आई, तुझ्या यंत्राला तेल घातलं की कविताही सुधारेल बघ.’ आई हसायची, आणि टाचण्या खाली पडायच्या, आणि त्या शोधायला मी लोहचुंबक घेऊन फरशीभर रांगायची. ते लोहचुंबक ताईनंच कुठून तरी आणलं होतं.

आज दुपारी ताईच्या ड्रेसची पाठीमागची चेन लावताना आईचा तो आवाज कानात आला. चेन अर्ध्यावर अडकली होती. ‘जाड झालेय का मी?’ ताई आरशात बघत म्हणाली. ‘चेन जुनी आहे,’ मी म्हणाले. ‘म्हणजे मीही जुनीच,’ ती म्हणाली, आणि केसात पिन खोचायला तिनं दोन्ही हात वर केले. कापड ताणून धरावं म्हणून मी डावा हात तिच्या काखेखालून पुढं घातला, आणि माझं मधलं बोट एका कठीण गोष्टीवर थांबलं. वाटाण्याएवढी. चरबीची गाठ बोटाखालून पळते, साबणाच्या वडीसारखी निसटते. ही पळाली नाही. होती तिथंच राहिली, जणू बोट येण्याची वाट बघत होती. सव्वीस वर्षं मी माणसांच्या गाठींबरोबर दिवस काढतेय. पण माझ्याकडे येतात त्या माणसापासून सुटून आलेल्या, बाटलीतल्या द्रवात बुडालेल्या, गार. ऊब असलेली गाठ मला माहीत नव्हती. ‘काय गं?’ ताई म्हणाली. ‘काही नाही. अडकली होती.’ ‘मग ओढ की.’ मी ओढली. चेन मुकाट्यानं मानेपर्यंत गेली.

खाली भावोजी गाडी सुरू करून बसले होते. ते लिफ्ट दुरुस्त करतात. चाळीस मजल्यांच्या इमारतीच्या पोकळीत दोराला लोंबकळून त्यांनी आयुष्य काढलं. ‘चला,’ ते म्हणाले, ‘आज वक्त्या बाई उशिरा पोचल्या तर देव थांबेल, पण लोक थांबायचे नाहीत.’ ताई म्हणाली, ‘तुमचं तोंड सुट्टीच्या दिवशी तरी बंद ठेवा.’ ते आरशातून माझ्याकडे बघून म्हणाले, ‘बघ. लिफ्ट वर गेली तर देवाची कृपा, मधेच अडकली तर हा माणूस कामचुकार. तुमच्या तळघरातही असंच असेल ना?’ असंच असतं. रुग्णालयाच्या तळघरात आमची प्रयोगशाळा आहे. रिपोर्ट चांगला आला की माणसं तळमजल्यावरच्या प्रार्थनेच्या खोलीत जातात. वाईट आला की जिना उतरून आमच्याकडे येतात, आणि खिडकीच्या जाळीला तोंड लावून विचारतात, नक्की आमचाच आहे ना? चुकला नसेल ना? या सव्वीस वर्षांत चांगला रिपोर्ट घेऊन ‘चुकला नसेल ना’ विचारायला कुणी आलं नाही. मी भावोजींना ‘हो’ म्हणाले. माझं मधलं बोट मी मांडीवर उताणं ठेवलं होतं. त्याच्या टोकाला अजून तो वाटाणा होता.

प्रार्थनेच्या मंडळींनी सभागृह नवं केलंय. फरशी इतकी चकचकीत की माणसं दोनदा दिसतात, एकदा वर, एकदा पायाखाली. आमच्या तळघरात वर्षानुवर्षं एका भिंतीला ओल आहे, आणि पेशींचे पापुद्रे कापायचं यंत्र इतकं जुनं की त्याचा सुटा भाग हवा असेल तर भावोजींच्याच ओळखीच्या एका कारागिराकडून कोरून घ्यावा लागतो. मी हे कुरकुर म्हणून मनात आणत नाही. आलं, एवढंच. व्यासपीठाच्या डाव्या बाजूला लाकडी चौकट होती, आणि तिच्यात प्लास्टिकमध्ये बंद केलेले ताईचे दोन कागद. पहिला आमच्या तळघरातला: कर्करोगाच्या पेशी आढळल्या. दुसरा बावीस दिवसांनंतरचा, शहरापलीकडच्या मोठ्या रुग्णालयातला. तिथं गाठ पूर्णच काढली होती: साधी गाठ, कर्करोग नाही. आठ वर्षं हे दोन कागद शेजारी शेजारी उभे आहेत. लोक आधी एक वाचतात, मग दुसरा, मग मधल्या रिकाम्या जागेकडे बघतात आणि मान हलवतात. त्या मधल्या जागेत त्यांचा देव आहे. पहिल्या कागदाच्या तळाशी, डॉक्टरांच्या सहीच्या खाली, लहान अक्षरांत काचपट्टी तयार करणाऱ्याची आद्याक्षरं असतात. तिथं माझी आहेत. चारशे माणसांतून एकानंही ती कधी वाचली नसतील. वाचायची गोष्टच नाही ती, कापडाच्या आतल्या शिवणीसारखी.

ताई बोलायला उभी राहिली. तिचा आवाज अजून शिक्षिकेचा आहे. शेवटच्या बाकापर्यंत न ओरडता पोचणारा. पंचवीसहून अधिक वर्षं तिनं शाळेत विज्ञान शिकवलं, आणि मुलं म्हणायची बाईंच्या तासाला घंटा लवकर होते. मी सातवीत असताना शाळेचं सूक्ष्मदर्शक ती एका सुट्टीपुरतं घरी घेऊन आली होती, टॉवेलमध्ये गुंडाळून, बाळ आणावं तसं. खिडकीशी ठेवलं, कांद्याचा पापुद्रा काढून काचेवर पसरला, आणि माझी मान धरून डोळा नळीला लावला. ‘काय दिसतं?’ ‘विटांची भिंत,’ मी म्हणाले. ‘ती भिंत नाही वेडाबाई. ती घरं आहेत. प्रत्येक घरात कुणीतरी राहतंय.’ मग आईला बोलावलं. आईनं पदराला हात पुसले, वाकली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, ‘किती सारखी शिवण आहे गं. कुणी घातली?’ ताई म्हणाली, ‘कुणी नाही, आपोआप होते.’ ‘आपोआप,’ आई म्हणाली, आणि माझ्याकडे बघून तिनं डोळा मिचकावला, म्हणजे मोठीला बोलू दे. त्या दिवसापासून मला दुसरं काही व्हायचं नव्हतं. ताईनं मला काचेपाशी नेलं आणि स्वतः मात्र… ती आता व्यासपीठावरून म्हणत होती, ‘मी तेव्हा नाकानं कांदे सोलायची. मला वाटायचं, जे मोजता येतं तेवढंच खरं.’ लोक हसले. ‘आणि मग माझ्या सख्ख्या बहिणीच्या हातून माझा रिपोर्ट आला.’ माना वळल्या. शेजारच्या काकूंनी माझा हात हातात घेऊन दाबला. त्यांचा हात मऊ होता, आणि माझं मधलं बोट नेमकं त्यांच्या तळव्यात गेलं. मला वाटलं, त्यांना कळेल.

तो दिवस मला ताईच्या भाषणातून आठवत नाही. तो आठवतो पाण्यातून. आमचं काम असं: गाठीचा तुकडा मेणाच्या वडीत बसवायचा, यंत्रावर त्याचे पापुद्रे काढायचे, केसापेक्षा पातळ, फुंकर मारली तर उडून जातील असे. ते पापुद्रे कोमट पाण्याच्या तबकावर सोडले की सुरकुत्या उलगडतात; आई इस्त्रीआधी कापडावर पाणी शिंपडायची, तसंच. मग काचपट्टी पाण्यात तिरकी घालून पापुद्रा अलगद उचलायचा, वाळवायचा, रंगवायचा. आणि एकाचं झालं की दुसऱ्याचं घेण्याआधी टिपकागदाची पट्टी पाण्यावरून ओढायची. कारण पाण्यावर आधीच्या माणसाचं काही राहतं, डोळ्याला न दिसणारं, साईसारखं. शाळेतून नुकत्याच सुटलेल्या पोरीलाही पहिल्या दिवशी शिकवतात ते हे. मी कितीजणींना शिकवलं, आणि शिकवताना कुणाचं वाक्य वापरते ते मला माहीत होतं. त्या सकाळी ताईची वडी हातात आली. वडीवर नाव नसतं, क्रमांक असतो, पण मला क्रमांक पाठ होता. मीच नोंदवला होता. तिच्याआधी एका अनोळखी बाईचं काम झालं होतं, त्या बाईला खरंच कर्करोग होता. मी टिपकागद उचलला की नाही? हात आठवतो, यंत्राचं चाक फिरवणारा. मनात काय होतं तेही आठवतं: आधी ताईचं, लवकर ताईचं. घाई नव्हती ती, माया होती. तिऱ्हाईत बाई असती तर मी पाणी पुसलं असतं.

डॉक्टरांनी काचेत बघितलं आणि मला बोलावलं नाही. स्वतः उठून माझ्या टेबलाशी आले. आमचे मोठे डॉक्टर, सहा महिन्यांनी निवृत्त व्हायचे होते, कानात केस, खिशाला शाईचा डाग, कुणी रडायला लागलं की स्वतःचाच चष्मा पुसत बसणारे. ‘तुझ्या बहिणीचं आहे ना?’ एवढंच म्हणाले. पुढचे बावीस दिवस आमच्या घराला बावीस भिंती होत्या. ताई गप्प झाली, पुस्तकं वाचेना, कागदावर आकडे मांडायची, शंभरातल्या किती, पाच वर्षांनी किती, आणि कागद फाडायची. आई शिवण सोडून प्रार्थनेच्या मंडळींत जाऊन बसायला लागली. एकदा सकाळी तिला मी यंत्रावर बघितलं, पाय पायट्यावर, यंत्राला धागाच नाही, आणि ती हलक्या आवाजात म्हणत होती, ‘एक लेक माझी, काचेतून पाही, दुसरीला काही, होऊ नये.’ मग दुसऱ्या रुग्णालयाचा कागद आला, आणि ताई जिन्यातच बसून हसायला लागली, आणि हसता हसता तिला दम लागला, आणि आई तिच्या पायरीच्या खालच्या पायरीवर बसली आणि तिनं ताईच्या चपलांवर डोकं टेकवलं. आईनं लेकीच्या चपलांवर. तेव्हा काहीतरी उलटं होऊन गेलं आमच्या घरात, ते परत सुलटं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ताईची जुनी वडी मागवली. ‘परत काप,’ म्हणाले. मी कापली. या वेळी पाणी तीनदा पुसलं. नव्या काचेत साधी गाठ होती, शांत, गुलाबी, एकसारख्या शिवणीची. मग त्यांनी जुनी काच लावली आणि मला बघायला सांगितलं. दुष्ट पेशींचा तो तुकडा कडेला होता, गाठीला न चिकटलेला, किंचित वेगळ्या पातळीवर. गाठ स्पष्ट दिसली की तो धूसर व्हायचा, तो स्पष्ट झाला की गाठ धूसर. ‘पाण्यावरून आलाय,’ डॉक्टर म्हणाले. ‘मीही फसलो. मला दिसायला हवं होतं.’ त्यांनी चष्मा पुसला. ‘मी दुरुस्तीचा कागद लिहितो. आपल्याकडे चूक फायलीला लागते. त्यासाठीच फाईल असते. घरी तू सांगशील, की मी येऊ?’ मी म्हणाले, मी सांगते. तो कागद आजही तळघरातल्या कपाटात आहे, क्रमांकानिशी. कुणी मागितला तर मिळेल. कुणी मागितला नाही. डॉक्टर निवृत्त झाले, समुद्राकाठच्या कुठल्याशा गावी गेले, आणि दोन वर्षांनी गेल्याचं कळलं.

मी घरी पोचले तर घर माणसांनी भरलेलं. मंडळी आली होती. ताई मधोमध, आणि आमच्या ताईच्या तोंडून, तिच्या तोंडून, ‘मी वाचले’ असं नाही, ‘मला वाचवलं’ असं येत होतं. सगळे तिला हात लावत होते. आईनं मला बघितलं आणि स्वयंपाकघरात ओढून नेलं, दार लोटलं. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, तरुण दिसत होती. फडताळातून तिनं एक डबा काढला. त्यात तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या, न फोडलेल्या, महिन्याभराच्या. ‘मी देवाला या दिल्या,’ ती म्हणाली. ‘कुणाला सांगायचं नव्हतं, तुला सांगते. लोक मीठ सोडतात, गोड सोडतात. मला कुठं गोडाची हौस? ज्याच्यावर माझा सगळ्यात जास्त भरवसा, तेच सोडायला हवं ना? नाहीतर देणं कसलं?’ मी म्हणाले, ‘आई, वेडेपणा करू नकोस, गोळी घे.’ ती म्हणाली, ‘वेडे, दिलेलं परत मागतात का?’ मग तिनं मला एक गोष्ट विचारली. मी उत्तर दिलं. बाहेर कुणीतरी तिला हाक मारली आणि ती डबा फडताळात ठेवून, केसांवरून हात फिरवून गेली. चौदा महिन्यांनी सकाळी यंत्रावर बसलेली असताना तिचं डोकं कापडावर टेकलं. सुई वर होती, पाय पायट्यावर होते. डबा तसाच सापडला, आणि ताईला सगळं कळलं, म्हणजे तिला वाटलं, सगळं कळलं. आईनं स्वतःचं आयुष्य तिच्या आयुष्यावर बदलून घेतलं. त्याच वर्षी ताईनं शाळा सोडली.

सभागृहात ताई आता त्याच जागी आली होती. ‘आईनं देवाला गोळ्या दिल्या,’ ती म्हणाली, आणि थांबली. इथं ती नेहमी थांबते. मला वाटायचं, भाषणाची रीत असेल. आज बघितलं, तिचा उजवा हात आपोआप डाव्या काखेकडे गेला, ड्रेसच्या शिवणीवरून बोट फिरलं, आणि परत आला. तिला माहीत आहे. लोकांनी डोळे टिपले. मी टाळ्यांमधून बाहेर आले, चकचकीत फरशीवरून, माझ्याच उलट्या पावलांवर पाय देत.

घरी आल्यावर भावोजी कपडे न बदलताच परत निघाले; कुठल्याशा इमारतीत दोन बायका लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. ‘देवाचा कोप,’ दारातून म्हणाले, ‘आलोच सोडवून.’ ताईनं चहा टाकला. ऊन खिडकीच्या खालच्या फळीवर उतरलं होतं. मी म्हणाले, ‘ताई, काखेत गाठ आहे तुझ्या.’

तिनं गॅस बारीक केला. ‘चेन लावताना लागली तुला. मला कळलं. तू खोटं बोलतेस तेव्हा नाकपुडी हलते तुझी, लहानपणापासून.’

‘किती दिवस झाले?’

‘चार महिने.’

‘चार महिने,’ मी म्हणाले. ‘आणि भावोजी?’

‘त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी मला उचलून नेलं असतं. माणूस लिफ्टवाला आहे, अडकलेलं बघवत नाही त्यांना.’ ती हसली. मग कप पुसायला लागली, आधीच कोरडे असलेले. ‘तू आता मला तपासायला चल म्हणशील.’

‘उद्या. सकाळी आठला. सुईनं थोडं काढतील, दुखत नाही फारसं. मी स्वतः…’

‘तू स्वतः बघशील,’ ती म्हणाली. ‘मागच्या वेळीही तूच बघितलं होतंस. काय होतं, ते सगळ्या जगाला माहीत आहे. आणि ते गेलं. कशानं गेलं, तेही माहीत आहे. आता मी परत सुई टोचून घ्यायला गेले, तर त्याचा अर्थ काय होतो सांग. मला ते पुरेसं वाटलं नाही असाच ना? आईनं जीव दिला, आणि मी म्हणते, थांबा, पावती बघू.’

‘आईला आवडलं असतं तू गेलीस तर.’

‘आईनं गोळ्या सोडल्या होत्या, बाई. मी कोणत्या तोंडानं घेऊ?’ तिचा आवाज चिरला नाही. तोच शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज, फक्त आता समोर बाक नव्हते. ‘मला भीती वाटत नाही असं समजू नकोस. सकाळी आंघोळीला बोट तिथं जातंच. मोजते मी. वाढतेय. मी विज्ञानाची बाई आहे, मला कळत नाही होय, न हलणारी गाठ म्हणजे काय ते? पण माझ्याकडे एकच गोष्ट आहे तिची. ही. हे आयुष्य. ते तपासायला दिलं, तर तिचं जाणं नुसतं जाणं होईल. एक म्हातारी गोळ्या घ्यायची विसरली, संपलं. तसं झालं तर मी उभीच राहू शकणार नाही गं.’

चहा उतू गेला. आम्ही दोघींनीही बघितला, आणि कुणीच हललं नाही. शेवटी मीच गॅस बंद केला. मनात मी दोन ताया बघत होते. एकीला मी सांगितलं नव्हतं. ती हळूहळू वाळत, देवाचे आभार मानत, कडेवरच्या मुलासारखं आईचं मरण सांभाळत जाईल. दुसरीला सांगितलं होतं. ती कदाचित जगेल, आणि तिच्याकडे सांभाळायला काही उरणार नाही, बहीणसुद्धा. आठ वर्षं मी स्वतःला म्हणत आले की मी ताईचं सुख सांभाळते. आईचं समाधान सांभाळलं. तळघराची अब्रू सांभाळली. लोकांनी म्हणू नये, बघा, यांच्या काचा अशा. कुणासाठी काय सांभाळलं, ते सगळं एका पाण्यात पडलेलं होतं, आणि ते पाणी मी पुसलं नव्हतं. मी स्टुलावर बसले, आईच्या मागे बसायचे तशी, ताईच्या पाठीमागे, तिचा चेहरा दिसणार नाही अशी.

‘ताई, तुला तेव्हा काही झालंच नव्हतं.’

ती वळली नाही.

‘गाठ होती, साधी. पहिल्यापासून साधी. त्या काचेवर दुसऱ्याच बाईचा तुकडा आला होता. पाण्यावरून. मी पाणी पुसलं नव्हतं. दुसरा रिपोर्ट आल्याच्या दुसऱ्या दिवशी वडी परत कापली, डॉक्टरांनी लिहून ठेवलंय, कागद आहे. मी घरी सांगायला निघाले होते. दारापर्यंत आले होते.’

खिडकीतलं ऊन फळीवरून ओट्यावर आलं, एवढं झालं. ताईनं हातातला कप खाली ठेवला, आवाज न करता. मला वाटलं, ती ओरडेल. मला वाटलं, ती म्हणेल, चालती हो. ती त्या चौकटीतल्या दोन कागदांच्या मधल्या जागेत उभी असल्यासारखी दिसत होती, पाठमोरी, खांदे किंचित वर. मग तिनं उजवा हात डाव्या काखेत घातला, आणि तिथंच धरून ठेवला, जणू आता ती गाठ तिच्याच मालकीची झाली होती, पहिल्यांदा.

‘म्हणजे ही खरी असू शकते,’ ती म्हणाली.

‘असू शकते. म्हणून उद्या.’

‘हं.’ रस्त्यावरून कुणीतरी लोखंडी काहीतरी ओढत नेत होतं. तो आवाज दूर गेला, संपला. तेव्हा ती वळली. तिचे डोळे कोरडे होते, आणि तिनं माझ्याकडे पाहिलं ते असं, जसं वर्गात एखाद्या हुशार मुलाकडे, ज्यानं उत्तर बरोबर लिहून मधली एक पायरी गाळली आहे.

‘आईला?’ तिनं विचारलं.

मला नाकपुडी हललेली कळली. मी ती हलू दिली, आणि मग सगळं सांगितलं.

‘तिनं विचारलं होतं, ताई. स्वयंपाकघरात, गोळ्यांचा डबा हातात धरून. म्हणाली, तू काचेतून बघतेस, तुला कळतं. ते पहिलं दिसलं होतं ते खरंच होतं ना? की तुमच्याकडून काही चुकलं? चुकलं असेल तर सांग हो, राग नाही माझा, उलट बरंच आहे, गोळ्या परत सुरू करते. असं हसून विचारलं तिनं. आणि मला सगळं ठाऊक होतं, त्याच दिवशी दुपारी मी स्वतः बघितलं होतं. मी म्हणाले, नाही आई, आमच्याकडून चूक होत नाही.’